बाजारातून आणलेली खुडूक कोंबडी: दोन उबवण्यांनंतरचा अभिप्राय

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावाजवळ भरणाऱ्या आठवडी बाजारातून नोव्हेंबर २०२३ मध्ये मी एक गावठी खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसू पाहणारी, कोंबडी ६५० रुपयांना विकत घेतली. तेवढ्याच वजनाची, पण खुडूक नसलेली कोंबडी त्याच विक्रेत्याकडे ४५० रुपयांना होती; म्हणजे वरचे २०० रुपये मी तिच्या बसण्याचे मोजले. या सव्वा वर्षात तिने दोनदा अंडी उबवली आणि दोन्ही वेळा मी तिला निरनिराळ्या पद्धतीने ठेवले, त्यामुळे तिच्याविषयी आता काही ठामपणे लिहिता येईल असे वाटते. किती अंड्यांतून किती पिल्ले निघाली, यावरच खुडूक कोंबडीचे मोल ठरवण्याची आपल्याकडे रीत आहे. अंडी तर यंत्रही उबवते. आधीपासून नांदत असलेल्या कळपात पिल्लांना जागा मिळवून देणे हे काम मात्र कोंबडीलाच जमते, आणि माझ्या मते ते २०० रुपये त्याच कामाचे आहेत.

हे मत यंत्राच्या अनुभवातून आलेले आहे. त्याआधीच्या वर्षी आम्ही ३० अंड्यांची थर्माकोलची उबवणी पेटी घेतली होती. पेटीत साडेसदतीस अंश तापमान एकवीस दिवस टिकवावे लागते, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसल्यामुळे रात्री-अपरात्री उठून पेटीवर गोधडी टाकणे हे माझे नित्याचे काम होऊन बसले. तरीही १९ पिल्ले निघाली, ही तक्रार करण्यासारखी गोष्ट नव्हती. तक्रार सुरू झाली ती दोन महिन्यांनी, ती पिल्ले अंगणातल्या २२ कोंबड्यांत सोडली तेव्हा. कळपातल्या प्रत्येक कोंबडीने त्यांना दाण्यावरून हुसकले, कोपऱ्यात गाठून डोक्यावर टोचे मारले, आणि संध्याकाळी खुराड्यात शिरू दिले नाही. एक पिल्लू डोक्याच्या जखमेने मेले. बाकीची दीड महिना कोठ्याच्या मागे पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या झाडांच्या, ढिगाखाली दिवस काढत होती आणि मी त्यांना वेगळे दाणे टाकत होते.

कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो, हे थोर्लाइफ श्येलडेरुप-एब्बे या नॉर्वेच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९२१ च्या सुमारास शास्त्रीय पद्धतीने मांडले. पण ज्या घरात दहा कोंबड्या आहेत त्या घरातल्या बाईला ते सांगावे लागत नाही. या क्रमात ज्याचे स्थान ठरलेले नाही तो परका, आणि परक्याला मार ठरलेला. यंत्रातल्या पिल्लांना त्या क्रमाची ओळख करून देणारे कोणी नसते. ती आठ आठवड्यांची होऊन एकदम दारात उभी राहतात.

आता मूळ खरेदीकडे येते. बाजारात कोंबडी खरोखर खुडूक आहे की नुसती पाय बांधल्यामुळे मुकाट बसली आहे, हे ओळखणे अवघड नाही, मात्र विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. मी तिच्या पोटाखाली हात घातला तेव्हा छातीखालची पिसे गळून कातडी उघडी पडलेली होती आणि ती तापलेली लागली. अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून खुडूक कोंबडीची तिथली पिसे जातात. तिचा तुरा फिका आणि आक्रसलेला होता. हात लागताच ती अंग फुगवून चिरक्या आवाजात ओरडली, पण उठून पळाली नाही. एवढ्या खुणा मिळाल्यावर मी घासाघीस केली नाही. विक्रेत्याने एक गोष्ट सांगितली नाही, ती पुढे येईलच.

जागा बदलली की अनेक कोंबड्यांची खुडूक उतरते, आणि बाजारातून आणलेल्या कोंबडीबाबत हा धोका सर्वांत मोठा असतो. मी तिला झाकलेल्या टोपलीत घालून आणले, अंधार पडल्यावर कुटार, म्हणजे वाळला भुसा, पसरलेल्या पाटीत बसवले आणि पोटाखाली आधी तीन निकामी अंडी ठेवली. दोन रात्री आणि एक पूर्ण दिवस ती हलली नाही, तेव्हा तिसऱ्या रात्री खरी ११ अंडी दिली. सासूबाईंनी पाटीत एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. मेघगर्जनेने अंडी बिघडू नयेत म्हणून त्यांच्या माहेरी तसे करत. नोव्हेंबरात कसली मेघगर्जना, असे मी म्हटले नाही.

पहिल्या उबवणीत कोंबडीचा दोष काहीच नव्हता. चूक माझी होती. नव्या कोंबडीला जुन्या कोंबड्या त्रास देतील म्हणून मी तिला धान्याच्या खोलीत, दार लावून, कळपाच्या नजरेआड बसवले. एकविसाव्या दिवशी सकाळपासून बाविसाव्या दिवसाच्या दुपारपर्यंत ९ पिल्ले निघाली. पिल्ले निघाल्यावरही पाच आठवडे मी तिला त्याच खोलीत आणि मागच्या बंदिस्त अंगणात ठेवले. पिल्ले गुबगुबीत झाली, एकही दगावले नाही, आणि मी स्वतःवर खूश होते. मग जानेवारीच्या अखेरीस सगळ्यांना एकत्र सोडले, आणि पुन्हा तेच घडले जे यंत्राच्या पिल्लांबाबत घडले होते, फरक एवढाच की या वेळी मार आधी आईला बसला. ती कळपाला अनोळखी होती. आमची सर्वांत जुनी काळी कोंबडी आणि ती अर्धा तास एकमेकींच्या तुऱ्यावर झेपावत होत्या. दुसऱ्या दिवशी आणखी दोघी पुढे आल्या. आई आपले स्थान मिळवण्यात गुंतलेली असताना पिल्ले अंगणभर पांगली आणि शिकऱ्याने दोन दिवसांत दोन उचलली. सासूबाई ओट्यावरून हे सगळे पाहत होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, ‘‘कोंबडीले कोंबड्याईतच बसवाव लागते बाई. परक्या घरी बाळंत झाली, तं घरचे तिले कसे वळखतीन?’’

दुसऱ्या उबवणीपर्यंत मधला उन्हाळा गेला. एप्रिलमध्ये ती पुन्हा खुडूक झाली, पण मी तिला बसू दिले नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अंड्यातल्या जिवाची वाढ चोवीस अंशांच्या आसपासच सुरू होते, त्यामुळे टोपलीत साठवलेली अंडीही उन्हाळ्यात कोंबडीविना अर्धवट वाढू लागतात आणि सडतात, तर दुपारच्या तडाख्यात बसलेली कोंबडी धापा टाकत पाटी सोडून उठते. तिची खुडूक मोडण्यासाठी मी तिला तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात चार दिवस ठेवले. दाणापाणी होते, कुटार नव्हते. खालून वारा लागून पोट थंड झाले की बसण्याची ओढ कमी होते. काही घरांत खुडूक कोंबडीला पाण्यात बुचकळतात किंवा नाकात पीस खोचतात. दुसरा प्रकार निव्वळ क्रौर्य आहे. दिवाळीच्या तोंडावर ती तिसऱ्यांदा खुडूक झाली तेव्हा हवा उतरलेली होती, आणि या वेळी मी तिला मोठ्या खुराड्यातच, इतर कोंबड्यांच्या मध्ये बसवायचे ठरवले.

येथून पुढचा भाग मला जास्त सविस्तर लिहावासा वाटतो, कारण या कोंबडीचे खरे काम मला येथेच दिसले.

कळपात बसवण्याची पहिली अडचण अशी की इतर कोंबड्यांना नेमके तिचेच घरटे अंडी घालायला आवडते. त्या तिच्या अंगावर चढून बसतात, अंडी फुटतात, आणि नवी अंडी आत पडत राहिली तर एकविसाव्या दिवशी निम्म्यांतून पिल्ले निघतात नि निम्मी अर्धवट राहतात. यासाठी मी १३ अंड्यांवर कोळशाने गोल रेघ काढली आणि रोज संध्याकाळी बिनरेघेची अंडी उचलली. पाचव्या दिवशी तिच्या कोपऱ्यापुढे बुरडाकडून घेतलेले बांबूचे डालगे, म्हणजे फटी असलेली मोठी टोपली, आडवे लावून, तिच्यापुरती वाट ठेवली. डालग्याच्या फटींतून ती सगळ्यांना दिसत होती आणि तिला सगळे दिसत होते. दिवसातून एकदा, सकाळी दहाच्या सुमारास, ती पंधरा-वीस मिनिटांसाठी बाहेर येई, एकच मोठी घाण विष्ठा टाकी, घाईघाईने दाणे टिपी, राखेत लोळे आणि परत जाई. या पंधरा मिनिटांत ती अंग फुगवून, कुरकुरत, जो आडवा येईल त्याच्या अंगावर जाई. पूर्वी मला हा नुसता चिडखोरपणा वाटे. पण रोज सगळ्यांपुढे ती येत असल्यामुळेच एकवीस दिवस न वावरताही तिचे कळपातले स्थान हलले नाही.

सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडी पाहिली तेव्हा दोन रिकामी निघाली. उरलेल्या ११ पैकी १० अंड्यांतून पिल्ले निघाली. शेवटचे दोन दिवस ती मुळीच उठली नाही. अंड्यातली पिल्ले कवच फोडण्याआधीच आतून चिवचिवू लागतात आणि ती त्यांना खालच्या आवाजात उत्तर देत असते. पाटीजवळ कान नेला तर हा संवाद स्पष्ट ऐकू येतो. यंत्राच्या पेटीत हे नव्हते. पिल्लू जन्मण्याआधीच आईचा आवाज ओळखते, ही गोष्ट पुढे अंगणात फार उपयोगाची ठरते.

निघालेल्या पिल्लाच्या पोटात अंड्यातला बलक शिल्लक असतो आणि त्यावर ते दोन दिवस सहज काढते, त्यामुळे पहिल्या दिवशी दाणे घालण्याची घाई मी केली नाही. आईही तेवढे थांबते. मागाहून फुटणाऱ्या अंड्यांना त्यामुळे वेळ मिळतो. तीन दिवस डालगे पूर्ण बंद ठेवले. इतर कोंबड्या येऊन फटींतून डोकावत, एक-दोघींनी चोच आत घालून पाहिली आणि आतून बसलेला टोचा घेऊन परतल्या. चौथ्या दिवशी सकाळी मी डालगे उचलले आणि दिवसभर वावरात गेले नाही.

तिने पिल्लांना थेट अंगणाच्या मध्यावर, दाण्याच्या भांड्याजवळ आणले. मी धास्तावले होते. काळी कोंबडी सवयीने पुढे आली आणि एका पिल्लाकडे मान लांबवताच ही कोंबडी जमिनीवरून हातभर उडाली. दोन्ही पाय काळीच्या छातीवर पडले. सगळा प्रकार पाच-सहा सेकंदांचा होता. त्यानंतर दिवसभरात आणखी तिघींना एकेकदा तशीच समज मिळाली आणि संध्याकाळपर्यंत तिच्याभोवती दोन हातांचे रिंगण मोकळे राहू लागले. खुडूक होण्यापूर्वी ती काळीच्या बरीच खाली होती, हे मी मुद्दाम नोंदवते. पिल्ले असलेल्या कोंबडीशी वरच्या क्रमाच्या कोंबड्याही वाद घालत नाहीत. कोंबड्याची मला भीती होती, पण त्याने पिल्लांकडे ढुंकूनही पाहिले नाही.

पिल्लांना इतरांचा मार अजिबात बसत नाही असे मात्र नाही. आईपासून दूर गेलेल्या पिल्लाच्या पाठीवर एखादा हलका टोचा बसतोच. ते चिरकते आणि पंखाखाली पळते. असे दहा-पंधरा टोचे खाऊन प्रत्येक पिल्लू कोणाच्या जवळून जायचे आणि कोणाला वाट सोडायची हे दुसऱ्या आठवड्यातच शिकले. यंत्राची पिल्ले हे आठव्या आठवड्यात शिकायला निघाली होती, आणि तोवर त्यांचा आकार एवढा झाला होता की मोठ्या कोंबड्यांना ती प्रतिस्पर्धी वाटली.

आई काय शिकवते याची यादी करायची तर पुष्कळ लांबेल. तुरीच्या कुटाराखाली पायाने उकरून वाळवी दाखवणे, दाणा चोचीत उचलून पुन्हा टाकत ‘टुक् टुक्’ बोलावणे, हे सगळ्यांनी पाहिलेले असते. मला विशेष वाटले ते तिच्या इशाऱ्यांचे. घार किंवा शिकरा दिसला की ती एकच लांब, बारीक आवाज काढते आणि पिल्ले जिथे असतील तिथे आडोशाला दबून गोठतात. मांजर किंवा मुंगूस दिसले तर मात्र ती थांबून-थांबून मोठ्याने कलकलाट करते. पहिल्या खेपेस अनोळखी कोंबड्यांशी झुंजण्यात गुंतलेल्या याच कोंबडीला शिकरा दिसलाच नव्हता. दुसऱ्या खेपेस शिकऱ्याने एकही पिल्लू नेले नाही. एक पिल्लू गेले ते बाराव्या दिवशी, पाण्याच्या भांड्यात बुडून. उथळ ताटलीत खडे टाकून पाणी ठेवायचे मी त्या दिवशी विसरले.

खाद्याचा प्रश्न एकत्र कळपात खरोखर त्रासाचा आहे आणि येथे कोंबडीची काही मदत होत नाही. अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते, ते पिल्लांच्या मूत्रपिंडांना सोसत नाही. त्यांना एक टक्क्याच्या आसपास पुरते, पण प्रथिने २० टक्क्यांपर्यंत लागतात. मी दोन महिने सगळ्या कळपालाच पिल्लांचे खाद्य घातले आणि मोठ्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवला. शिवाय तेच डालगे उपडे घालून, खाली चारी बाजूंना आडव्या विटा लावून, त्याच्या आत पिल्लांचे भांडे ठेवले. विटेएवढ्या फटीतून पिल्ले आत जातात, कोंबड्या बाहेर चरफडत राहतात. १८० रुपयांचे ते डालगे आधी घरट्याची आड, मग बंदिवास आणि शेवटी भोजनगृह झाले. त्याला माझ्याकडून पूर्ण गुण.

आता विक्रेत्याने न सांगितलेली गोष्ट. कोंबडीच्या अंगावर उवा होत्या. बसलेली कोंबडी राखेत कमी लोळते, त्यामुळे उवा वाढतात आणि पिल्ले निघताच त्यांच्या डोक्यावर चढतात. पहिल्या खेपेस चार पिल्ले मरगळलेली दिसली तेव्हा कारण कळले. दुसऱ्या खेपेस बसवण्याआधीच तिच्या पंखांखाली आणि शेपटीच्या मुळाशी पाहून पशुवैद्यकाने दिलेली पूड लावली. बाजारातून आणणाऱ्यांनी हे पहिल्याच संध्याकाळी करावे.

लसीकरणात यंत्राची पिल्ले सोयीची, हे मान्य केलेच पाहिजे. मानमोडीची, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब द्यायची असते. दिवसा पिल्लाला हात लावला तर या बाई तोंडावर येतात; माझ्या मनगटावर अजून वण आहे. रात्री अंधारात पंखाखालून एकेक पिल्लू काढून थेंब घालावा आणि परत सरकवावे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पिल्लांपुरती येते आणि एकदा मिसळली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून मी गल्लीतल्या तीन घरांची पिल्ले त्याच रात्री उरकली.

पाचव्या आठवड्याच्या शेवटी ती एका संध्याकाळी जमिनीवर न बसता खुराड्यातल्या आडव्या बांबूवर चढली. पिल्ले खालून ओरडत राहिली. मग एकेक करून धडपडत तीही वर आली, आणि त्या रात्री बांबूवर तिच्या दोन्ही बाजूंना नऊ पिल्ले होती, पलीकडे काळी कोंबडी. यंत्राची पिल्ले खुराड्यात झोपायला लागावीत म्हणून मी दीड महिना रोज तिन्हीसांजेला त्यांना पकडून आत टाकत असे. सातव्या आठवड्यात तिने पिल्लांना टोचून दूर करायला सुरुवात केली. पाहताना वाईट वाटते, पण तोवर पिल्लांचा कळपात वावर झालेला असतो. आईने हाकलल्यावर ती परकी झाली नाहीत, कळपाच्या तळाशी, पण कळपात राहिली.

हिशेब स्पष्ट आहे. ही कोंबडी बसल्यापासून पिल्ले सोडेपर्यंत सुमारे अडीच महिने अंडी देत नाही, एका वेळी १३ पेक्षा जास्त अंडी तिच्याखाली ठेवू नयेत, आणि ती खुडूक कधी होईल हे तिच्या मर्जीवर आहे. ज्यांना शंभर पिल्ले विकायची आहेत त्यांनी यंत्रच घ्यावे. वनराजा किंवा गिरिराजसारख्या सुधारित जातींच्या कोंबड्या क्वचितच खुडूक होतात, त्यामुळे ज्यांच्याकडे फक्त त्याच आहेत त्यांनी त्यांची अंडी बसवण्यासाठी अशी एखादी गावठी जरूर ठेवावी; माझ्या दुसऱ्या खेपेच्या १३ अंड्यांपैकी सहा शेजाऱ्यांकडच्या वनराजाची होती आणि आईने भेद केला नाही. ज्यांच्या अंगणात आधीच दहा-वीस कोंबड्या आहेत आणि वर्षाला दहा-पंधरा नव्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, हव्या आहेत, त्यांच्यासाठी ६५० रुपये जास्त नाहीत.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा खुडूक झाली आहे. उन्हाळा तोंडावर असल्यामुळे मी तिला बसवणार नव्हते, पण शेजारच्या काकूंनी त्यांच्या गार, मातीच्या खोलीत अर्ध्या वाट्याने बसवण्यासाठी मागितली. मी नाही म्हटले. खोली चांगली आहे, पण त्यांचा कळप तिला ओळखत नाही.